रेडिओचा वर्णपट डोळ्यांनी पाहूया



ग्वाल्हेरच्या मुलांना तानपुऱ्याची ओळख करून द्यायला नको. षड्जाची तार छेडली की एकच स्वर वाजल्यासारखा वाटतो, पण कान देऊन ऐकले तर त्यात वरचे अनेक स्वर मिसळलेले कळतात. लोलक जसा सूर्यप्रकाशातले रंग वेगळे करून दाखवतो, तसे हे स्वरही संगणकाच्या पडद्यावर वेगळे मांडता येतात. रेडिओ लहरींचाही असा वर्णपट पाहता येतो. हौशी रेडिओ केंद्राला, म्हणजे हॅम केंद्राला, तो पडदा कसा जोडतात ते आज पाहू.

गरज कशासाठी?

आपल्या देशात हौशी केंद्रचालकांना ४० मीटरचा पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ असा मिळालेला आहे. बोलण्याला साधारण अडीच किलोहर्ट्झ जागा लागते आणि रेडिओ संच एका वेळी तेवढीच ऐकवतो. २०० भागिले २.५ म्हणजे ८०. याचा अर्थ, आपण पट्ट्याचा ऐंशीवा भाग ऐकत असतो आणि बाकीच्या एकोणऐंशी भागांत काय चालले आहे याचा पत्ता नसतो. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली असता त्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. अशा वेळी एखादी क्षीण हाक आपण ऐकत नसलेल्या भागात आली तर ती कोण ऐकणार? पडद्यावर ती निदान रेघ होऊन दिसते.

पडदा कसा चालतो?

संगणक लहरींची मोजमापे घेतो आणि ‘फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म’ या गणिती रीतीने त्यांतली प्रत्येक वारंवारता वेगळी काढतो. पडद्याच्या वरच्या भागात आलेख असतो : आडवी वारंवारता, उभी ताकद. खाली ‘धबधबा’ असतो. त्यात प्रत्येक क्षणाची एक रंगीत ओळ उमटते आणि जुन्या ओळी खाली सरकत जातात. मोर्सचा संदेश तुटक रेघेसारखा दिसतो, बोलणे पट्टीसारखे.

थोडे गणित करा. सेकंदाला २४ लाख मोजमापे घेतली आणि ४०९६ मोजमापांचा एक गट केला, तर २४,००,००० ÷ ४०९६ = सुमारे ५८६. म्हणजे पडद्यावरचा एक कप्पा ५८६ हर्ट्झचा. जवळजवळची दोन मोर्स केंद्रे त्यात एकच दिसतील. गट ६५,५३६ चा केला तर कप्पा सुमारे ३७ हर्ट्झचा होतो आणि दोन्ही वेगळी दिसतात, पण एक गट भरायला सोळा पट वेळ लागतो. बारकावा हवा तर थांबावे लागते.

जोडणी

संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी यूएसबीमध्ये खोचायची एक स्वस्त डबी मिळत असे. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींना कळले की तिच्यातली चिप कच्ची मोजमापे थेट संगणकाला देऊ शकते. साधी डबी सुमारे २४ मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाही. म्हणून मध्ये वारंवारता वर चढवणारा परिवर्तक जोडतात. तो १२५ मिळवतो, त्यामुळे ७.१ मेगाहर्ट्झचे केंद्र १३२.१ वर दिसते. डबीसाठी एरियलची तार वेगळी बांधा. मुख्य एरियलच वापरायची असेल, तर प्रक्षेपण सुरू होताच डबीची जोडणी आपोआप तोडणारा रिले हवाच. नाहीतर प्रक्षेपकाची शक्ती डबीत शिरून ती क्षणात जळते. प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन मिळणारा केंद्र सरकारचा परवाना लागतो, हेही विसरू नका.

पडद्याने दिलेला धडा

लष्करातल्या आमच्या घरी पडदा पहिल्यांदा लावला तेव्हा सुमारे साठ-साठ किलोहर्ट्झच्या अंतराने जाड रेघा दिसल्या. कितीतरी दिवस मी ‘आज पट्टा बंद आहे’ असे म्हणून संच बंद करत असे. त्या दिवशी घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली. मोबाइलचा चार्जर काढताच रेघा गेल्या आणि त्यांच्याखाली दडलेली दोन दूरची केंद्रे दिसू लागली. दोष आकाशाचा नव्हता, घरातलाच होता! पुण्याच्या उत्तरेस खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. तिची जागा निवडतानाही मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे महत्त्वाचे मानले गेले होते.

मात्र एक लक्षात ठेवा. रेघ कुठे आहे ते पडदा दाखवतो, पण पलीकडचा माणूस काय म्हणतो आहे ते कानांनीच ऐकावे लागते.

करून पहा : वर्णपट दाखवणारी एखादी मोफत संगणक प्रणाली घ्या आणि मायक्रोफोनसमोर तानपुऱ्याची एकच तार छेडा. पडद्यावर किती रेघा दिसतात आणि त्यांच्या वारंवारतांचे पहिल्या रेघेशी काय गुणोत्तर आहे, ते वहीत लिहून ठेवा.