अक्षरांची घाई जुनीच आहे

आईबाबांनो, तीन वर्षांच्या पोरापुढे पाटी ठेवून ‘शेजारची परी बघ, आत्ताच एबीसीडी काढते’ असं म्हणणारे तुम्ही काही पहिले नाही. ही घाई फार जुनी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या पालकांनी तर तिची दोन्ही टोकं गाठली होती. त्यांची हकीकत आज तुमच्या कानावर घालते.

इंग्लंडहून येऊन तिथे वसलेल्या प्युरिटन लोकांनी १६४२ मध्ये एक कायदा केला. त्यात शाळा काढण्याबद्दल काही नव्हतं. घरातल्या मुलांना आणि कामाला ठेवलेल्या उमेदवार पोरांना वाचता येतं की नाही, याचा जाब आईबापांना आणि मालकांना द्यावा लागणार होता. हयगय केली तर दंड! पण घरोघरी ते जमेना. मग १६४७ मध्ये दुसरा कायदा आला: ५० घरांच्या गावाने लिहिणं-वाचणं शिकवणारा मास्तर नेमायचा, १०० घरांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढायची. कारण काय, तर बायबल वाचता आलं नाही तर माणूस सैतानाच्या जाळ्यात सापडेल. सैतानाचा उल्लेख कायद्यातच आहे. आपल्याकडे त्याच्या जागी आता प्रवेश परीक्षा आली आहे, इतकंच.

तरी लहानग्यांची अक्षरओळख व्हायची ती बहुधा शेजारच्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात. मला या जुन्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो. चुलीवर काहीतरी शिजतंय, बाईंच्या हातात शिवण आहे आणि भोवती चार-पाच वर्षांची पोरं हॉर्नबुक धरून बसली आहेत. हे हॉर्नबुक म्हणजे नावालाच पुस्तक. धुण्याच्या धोपटण्यासारखी मूठ असलेली छोटी फळी, तिच्यावर अक्षरांचा एकच कागद आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पारदर्शक पातळ पापुद्रा. बाईंना थोडेफार पैसे मिळत. तिथे शिकवायचं ते वाचायला. लिहिणं बरंच नंतर, निराळ्या मास्तरांकडे. चिमुकल्या बोटांना टाक धरायची सक्ती नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावं असं आहे. पण याच रीतीमुळे पुष्कळ मुली वाचनावरच अडकल्या. त्यांना पुढे शिवणकाम दिलं जाई. बॉस्टनच्या सरकारी शाळांची दारं मुलींना १७८९ मध्ये उघडली, तीही वर्षातले काही महिनेच. गुलामांच्या मुलांची गोष्ट तर बोलायलाच नको. साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणं हाच गुन्हा ठरवला होता.

पुढे १८२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधून ‘इन्फन्ट स्कूल’ची लाट आली आणि दीड-दोन वर्षांची बाळंसुद्धा वर्गात बसू लागली. मूळ कल्पना होती ती गरीब घरच्या मुलांना सांभाळण्याची आणि चांगलं वळण लावण्याची. पण आपली मुलं मागे पडतील म्हणून खात्यापित्या घरच्या आयांनाही तशाच शाळा हव्याशा वाटू लागल्या. ओळखीचं वाटतं ना? आणि मग १८३२ मध्ये अमरिया ब्रिगॅम नावाच्या डॉक्टरांचं पुस्तक आलं. कोवळ्या मेंदूला ताण दिला तर मूल आजारी पडतं, पुढे वेडही लागू शकतं, असा त्यांचा इशारा होता. वेडाची भीती अतिरेकीच म्हणायची. पण तिने काम केलं. बाळांच्या शाळा ओस पडू लागल्या. काल ज्यांना मूल मागे पडेल याचा धसका होता, त्यांना आज ते फार पुढे जाईल याचा धसका बसला. या सगळ्यात मुलाकडे नीट बघितलं कुणी, असा प्रश्न मला पडतो.

त्याचं एक उत्तर एलिझाबेथ पीबडी या बाईंकडे सापडतं. त्यांनी १८६० मध्ये बॉस्टनला अमेरिकेतलं इंग्रजी भाषेतलं पहिलं किंडरगार्टन काढलं. त्यात खेळ आणि गाणी होती, पण वाचन आणि गणितही होतं. पुढे १८६७ मध्ये त्या जर्मनीला गेल्या आणि किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांच्या पद्धतीच्या बालवाड्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. परतल्यावर त्यांनी उघडपणे सांगितलं, की मी काढलं होतं ते खरं किंडरगार्टन नव्हतंच. चालत्या, नावाजलेल्या शाळेबद्दल असं बोलणं सोपं नाही. त्यानंतर खऱ्या किंडरगार्टनच्या प्रचारासाठी त्या उतारवयातही लिहीत-बोलत राहिल्या.

यंदा बालवर्गाच्या प्रवेशाला जाल, तेव्हा वर्षाअखेर मूल किती लिहील हे आधी विचारू नका. बाई गोष्टी किती सांगतात, मुलं मातीत आणि ठोकळ्यांत किती वेळ रमतात, हे विचारा. शक्य असेल तर थोडा वेळ वर्गाच्या दारात उभं राहून बघा. आणि रात्री झोपताना पुस्तक उघडून एक गोष्ट तुम्हीच वाचून दाखवा. तेवढं काम १६४२ पासून आपल्याकडेच आहे.