जिंकता न येणारा खेळ

प्रश्न : मुलाला कॅन्सर झाला म्हणून आईवडिलांनी त्यावर व्हिडिओ गेम काढला, असं माझा भाचा सांगतो. कविता, कादंबरी मी समजू शकतो. पण गेम? हे कसं सुचतं माणसाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा खरं सांगतोय. गेमचं नाव 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या रायन आणि एमी ग्रीन या नवराबायकोनं जॉश लार्सन आणि इतर काही सहकाऱ्यांना घेऊन तो तयार केला. त्यांचा मुलगा जोएल जेमतेम वर्षाचा असताना, २०१० मध्ये, त्याच्या मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी पुढे काही महिन्यांचीच आशा ठेवली होती. जोएल मात्र २०१४ च्या मार्चपर्यंत जगला. धाकट्याला काय झालंय हे मोठ्या भावांना समजावं म्हणून आईवडील त्यांना एका राक्षसी ड्रॅगनशी लढणाऱ्या छोट्या शूरवीराची गोष्ट सांगत. नाव त्यातूनच आलं.

आता 'गेमच का?' रायन मुळात प्रोग्रॅमर, तेव्हा हत्यार हाताशी होतंच. पण खरं कारण त्याहून खोल आहे. कुठल्याही गेमचा एक अलिखित करार असतो : नीट खेळलात, चुका सुधारल्यात, तर जिंकाल. आजारी मुलाचे आईबापही याच भरवशावर धावपळ करत असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ, औषध बदलून बघू, नवस बोलू. ग्रीन दांपत्यानं नेमका हा करार मोडला.

यातल्या एका प्रसंगात रात्रीची वेळ आहे, हॉस्पिटलची खोली आहे आणि अंगातलं पाणी कमी झालेलं पोर रडतंय. तुम्ही खेळणारे, म्हणजे त्याचा बाप. त्याला काही पाजून बघा, कडेवर घ्या, जोजवा, येरझाऱ्या घाला. रडणं थांबत नाही. कुठलंही बटण दाबून उपयोग होत नाही. शेवटी बाप प्रार्थना करतो, तेव्हा कुठे पोर शांत होतं. रायननं अशी एक रात्र स्वतः काढली होती. कादंबरीत ही हतबलता आपण वाचतो. इथे ती आपल्या बोटांना कळते.

तरी सगळा गेम रडका नाही. दवाखान्याच्या मार्गिकेत छोट्या गाडीची शर्यत आहे, जोएलचं खरंखुरं खळखळून हसणं आहे. आजारपण आणि खेळ एकाच खोलीत नांदणं तसं नवं नाही. १९०३ मध्ये क्षयानं आजारी असलेल्या मुलीला, रेणुकाला, घेऊन रवींद्रनाथ अल्मोड्याला राहिले, तेव्हाच 'शिशु' या संग्रहातल्या मुलांच्या खोडकर कविता त्यांनी लिहिल्या. रेणुका त्याच वर्षी गेली.

ग्रीन दांपत्य धार्मिक आहे. पण एमीला चमत्काराची खात्री आणि रायन निराशेत बुडालेला, हा दोघांमधला दुरावाही त्यांनी लपवलेला नाही. गेमच्या खर्चासाठी लोकांकडून पैसे उभे केले, तेव्हा मदत करणाऱ्यांनी आपापल्या गेलेल्या माणसांसाठी लिहिलेले शब्द गेममधल्या हॉस्पिटलात शुभेच्छापत्रांच्या रूपात मांडले गेले.

काम जोएल असतानाच सुरू झालं होतं; तो गेल्यावर बरीच मांडणी बदलावी लागली. १२ जानेवारी २०१६ ला, त्याच्या वाढदिवशी, गेम बाहेर आला. पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, तोही नावीन्यासाठी. विक्री मात्र बेताची झाली, कारण अनेकांनी यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिलं आणि गोष्ट कळली म्हणून समाधान मानलं.

तुम्ही तसं करू नका. गेम दोनेक तासांचा आहे. भाच्याला बाजूला बसवा आणि स्वतः खेळून बघा. त्या रात्रीच्या खोलीत काय करावं हे त्याला विचारायचा मोह होईल. त्यालाही सांगता येणार नाही.