सातबारा मिळवते, म्हणजे नक्की काय?

पौड, ता. मुळशी

चिरंजीव भाच्यास,


जमिनीच्या नोंदी शोधून देणाऱ्या एआय एजंटसाठी तू लिहिलेली साधनांची वर्णनं वाचली. एका साधनापुढे ‘सातबारा मिळवते’ एवढंच आहे, दुसऱ्यापुढे ‘सातबारा डाउनलोड करते’. तुला ते पुरेसं वाटणारच, कारण आतला कोड तुझ्या हातचा आहे. एजंटला तो कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा तक्ता, एवढ्यावरच त्याला हे साधन की शेजारचं ते ठरवायचं असतं. तुझ्या दोन ओळी वाचून तो फार तर छापा-काटा करील.

गावातला माणूस तलाठ्याकडे जाऊन (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच येतं) ‘उतारा द्या’ म्हणतो, तेव्हा समोरून पहिला प्रश्न येतो, ‘कशाला हवाय?’ सगळी मेख त्या प्रश्नात आहे. जमीन कोणाच्या नावावर, किती, तिच्यावर बोजा आहे का, हे गाव नमुना 7 मध्ये. पीक कोणतं, ते 12 मध्ये. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर 8-अ. नाव कसं चढलं हे हवं असेल तर फेरफार, म्हणजे नमुना 6. नुसतं डोळ्यांखालून घालायला महाभूलेख संकेतस्थळावरचा विनास्वाक्षरी उतारा चालतो. बँकेत द्यायचा तर तो चालत नाही, डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. तलाठ्याच्या तोंडचा तो प्रश्न आणि त्याची ही उत्तरं तुझ्या वर्णनात उतरली पाहिजेत: हे साधन कधी वापरायचं, कधी नाही, आणि नाही तर मग कोणतं.

लोकांची बोलीही वर्णनात येऊ दे. ‘माझा सातबारा कोरा झाला का?’ असं कोणी विचारलं, तर त्याला कोरा कागद नको असतो. कर्जाचा बोजा इतर अधिकारातून उतरला का, हे विचारायचं असतं. हा अर्थ मॉडेलला कदाचित ठाऊक असेलही. पण त्याचं उत्तर तुझ्या कोणत्या साधनाच्या कोणत्या रकान्यात आहे, हे तू लिहिल्याशिवाय त्याला कुठून कळणार?

एककांचं तसंच. तुझं साधन क्षेत्र म्हणून नुसतं ‘0.40’ परत देतं. ते हेक्टर आहे, म्हणजे 40 आर, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे. एजंटने ते एकर धरलं तर सोळाच गुंठे उरतात. भूगाव-पिरंगुटकडे जिथे भाव गुंठ्यावर बोलतात, तिथे निम्म्याहून जास्त जमीन एका न लिहिलेल्या शब्दापायी गडप झाली म्हणायची. गावाच्या रकान्याचंही पाहा. ‘माण’ म्हटलं की तुला हिंजवडीशेजारचं गाव आठवतं. पण साताऱ्यात त्याच नावाचा अख्खा तालुका आहे. म्हणून जिल्हा, तालुका, गाव अशी तिन्ही नावं लागतात, आणि एकच मिळालं तर अंदाज न करता विचारायचं, हे स्पष्ट लिही.

मॉडेलं दिवसेंदिवस हुशार होताहेत, एवढं कशाला, असं तू म्हणशील. हुशारीने भाषा कळते, न सांगितलेली वस्तुस्थिती कळत नाही. उलट हुशार मॉडेल चुकीचा अंदाजही इतका सफाईदार मांडतं की वाचणाऱ्याला शंका येत नाही. दुसरा आक्षेप लांबीचा, आणि तो खरा आहे: ही वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलपुढे जातात, जागा खातात, पैसेही खातात. पण मग ‘शक्तिशाली’, ‘अत्याधुनिक’ ही तुझी विशेषणं आधी काढ. जिथे दोन साधनांची हद्द लागते तिथे शब्द खर्च कर, बाकी ठिकाणी हात आखडता घे. आणि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. कोणाला काय दाखवायचं नाही, ते कोडमध्येच अडव.

पारख सोपी आहे. लोक विचारतात तसे दहा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिही आणि कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला नुसती वर्णनं देऊन प्रत्येक प्रश्नासाठी साधन निवडायला सांग. तो जिथे अडखळेल, तिथे तुझं वाक्य कच्चं आहे.

त्याआधी एक दुरुस्ती मात्र तातडीने कर. आज नोंद नसली तरी आणि सर्व्हर बंद असला तरी तुझं साधन रिकामी यादीच परत देतं, आणि वर्णनात त्याबद्दल अक्षरही नाही. सर्व्हर बंद पडलेल्या दिवशी हा एजंट एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला, तुमच्या नावावर जमीनच नाही, असं अदबीने सांगून मोकळा होईल.

नवी वर्णनं झाली की पाठव.

तुझा,
मामा