वीर्य तपासणीचा रिपोर्ट कसा वाचावा?



लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात. तिची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, उपासतापास सगळं होतं. मुलाची एक साधी तपासणी मात्र राहून जाते. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा स्त्रीच्या कारणासोबत. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांची तपासणी सोबतच सुरू करावी. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच डॉक्टरांना भेटावं.

नमुना देताना

तपासणीपूर्वी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस शरीरसंबंध व हस्तमैथुन टाळावं. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा असेल, तर लॅबच्याच डबीत, शरीराच्या उबेजवळ ठेवून, तासाभराच्या आत पोहोचवावा. थोडा सांडला तर लपवू नये, सांगावं. कारण पहिल्या भागातच बहुतेक शुक्राणू असतात.

रिपोर्टमधले आकडे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा आहेत :

१) वीर्याचं प्रमाण – १.४ मिली
२) एका मिलीतील शुक्राणू – १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख
३) पूर्ण नमुन्यातील शुक्राणू – ३९ मिलियन, म्हणजे ३ कोटी ९० लाख
४) एकूण हालचाल करणारे – ४२ टक्के
५) पुढे सरकणारे – ३० टक्के
६) जिवंत – ५४ टक्के
७) योग्य आकाराचे – ४ टक्के

सातवा आकडा पाहून बरेच जण घाबरतात. 'म्हणजे ९६ टक्के खराब?' तसं नाही. आकाराची मोजपट्टी फार कडक असते. मूल झालेल्या बापांचेही बहुतेक शुक्राणू तिच्यात बसत नाहीत.

ही मर्यादा आली कुठून?

आपण वर्गात मुलांना उंचीप्रमाणे उभं करतो ना, तसं समजा. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले, अशा १०० पुरुषांना शुक्राणूंच्या संख्येप्रमाणे चढत्या क्रमाने उभं केलं. सुरुवातीच्या पाच जणांनंतर एक रेघ मारली. ती रेघ म्हणजे ही मर्यादा. आता विचार करा, रेघेच्या अलीकडचे ते पाच जणही बापच आहेत! म्हणून ही ३५ गुणांची पास-नापासाची रेघ नव्हे. आकडा खाली आला तर शक्यता कमी होते, संपत नाही. वर आला तरी खात्री मिळत नाही.

आकडे एकत्र वाचा

एक उदाहरण सोडवू. एका मिलीत १४ मिलियन शुक्राणू आहेत, म्हणजे मर्यादेपेक्षा कमी. पण वीर्य ३ मिली आहे. १४ × ३ = ४२ मिलियन. एकूण संख्या ३९ च्या वर गेली! एकाच ओळीवर बोट ठेवून घरात रडारड करू नये, ती यासाठीच.

एका रिपोर्टवर निकाल नको

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल, तर आजचा रिपोर्ट बिघडलेला दिसू शकतो. म्हणून आकडे कमी आले, तर डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करावी. तंबाखू, दारू आणि जिममधली स्टिरॉइडची इंजेक्शनं बंद केल्याचा फायदाही दिसायला किमान दोन-तीन महिने लागतात.

नमुन्यात शुक्राणू अजिबात नसतील, तर मात्र थांबू नये, लगेच तज्ज्ञांकडे जावं. कधी शुक्राणू तयार होत असतात, पण वाट बंद असते. त्यावर उपचार आहेत.

शेवटी एक महत्त्वाचं. शुक्राणूंची संख्या आणि पुरुषत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. संख्या शून्य असलेला माणूसही सर्वार्थाने निरोगी दिसू शकतो, म्हणूनच दिसण्यावरून अंदाज बांधता येत नाही. पालकहो, मुलाला तपासणीला पाठवताना लाज वाटू देऊ नका आणि रिपोर्ट हातात येण्याआधी सुनेला बोल लावू नका.