फ्यूज उडाला, तर आधी कारण शोधा

आळेफाट्यावर दुरुस्तीचं दुकान चालवतो. हल्ली लोक मोबाइलवर सर्व्हिस मॅन्युअल उघडूनच दुकानात येतात, याचा मला आनंद आहे. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते याचसाठी. पण बहुतेक जण मॅन्युअलची पहिली पानं सोडून थेट सर्किटच्या नकाशावर जातात. घात होतो तो तिथंच.

आळ्याजवळच्या एका मळ्यातून वॉशिंग मशीन आलं होतं. बोर्डाचा कोळसा झालेला. घरच्या काकूंनी सांगितलं, की मागे डीपीवर न्यूट्रल तुटला तेव्हा मशीन बंद पडलं. कुणीतरी उघडून चालू करून दिलं. पुढे पुन्हा न्यूट्रल गेला आणि या वेळी धूरच निघाला. मी बोर्ड उजेडात धरला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार डाग देऊन बसवलेली होती. शेजारी एका निळ्या चकतीच्या पायांचे नुसते खुंट उरले होते. चकती कापून टाकली होती.

ती चकती म्हणजे व्हेरिस्टर. तिचं काम नीट समजून घ्या. तुमचं घर एका फेजवर, शेजारचं दुसऱ्या. मधला न्यूट्रल तुटला, की दोन्ही घरं दोन फेजच्या मध्ये एकापुढे एक जोडली जातात. ज्या घरात भार कमी, तिथलं व्होल्टेज २३० वरून थेट ४०० च्या जवळ जाऊ शकतं. अशा बऱ्याच चकत्यांवर ४७१ हा आकडा असतो. ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट. रोजच्या २३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ पर्यंतच जातं, म्हणून चकती एरवी काहीच करत नाही. ४०० व्होल्ट आले की शिखर ५६५ वर पोचतं. मग चकती वीज स्वतःतून वाहू देते, करंट एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. चकती आणि फ्यूज जातात, बोर्ड वाचतो.

जळलेली चकती बहुधा शॉर्ट होते. त्यामुळे नवा फ्यूज घातला तरी तोही उडतो. त्या माणसाने म्हणूनच चकती कापली आणि फ्यूजला तार मारली. मशीन चालू झालं, पण राखण करणारं आत कुणीच उरलं नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा सुट्या भागांपुढे त्रिकोणात उद्गारचिन्ह छापलेलं असतं. त्याचा अर्थ सुरुवातीच्या पानांवर दिलेला असतो: हा भाग सुरक्षेचा आहे, त्याच जातीचा आणि त्याच रेटिंगचाच घाला. पान वाचलं असतं, तर काही रुपयांच्या चकतीत काम भागलं असतं.

म्हणून सांगतो. मॅन्युअल शोधताना मशीनच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. नाव तेच, पण आतला बोर्ड वेगळा, असं सर्रास आढळतं. चुकीच्या मॅन्युअलपेक्षा मॅन्युअल नसलेलं बरं.

प्लग काढला म्हणजे वीज संपली, असं समजू नका. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज साठलेला असू शकतो. मल्टिमीटरने मोजा, मगच हात लावा. नकाशात ग्राउंडच्या दोन वेगळ्या खुणा असतील, तर त्यातली एक बाजू थेट मेन लाइनशी जोडलेली असते. तिथं ग्राउंड धरलं तरी शॉक बसतो.

फ्यूज उडाला असेल, तर नवा घालण्याआधी पुढे शॉर्ट आहे का ते बघा. मग बोर्ड १०० वॅटच्या सिरीज बल्बवर लावा, म्हणजे वीज बल्बमधून बोर्डाला जाईल. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा. भक्क पेटून राहिला, तर शॉर्ट अजून आहे. सुट्या भागांसाठी पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी जा. जुना भाग सोबत न्या, त्यावरचे आकडे दाखवा.

मायक्रोवेव्ह आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र घरी उघडू नका, मॅन्युअल कितीही चांगलं असलं तरी. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून २,००० व्होल्टच्या आसपास वीज निघते, तिथं चुकीला माफी नाही. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला २०,००० च्या वर लागते आणि टीव्ही बंद केल्यावरही ती ट्यूबमध्ये टिकून राहते. मॅन्युअल लिहिणाऱ्याने वाचणारा शिकलेला कारागीर आहे, असं धरलेलं असतं.

वस्तीवर राहणाऱ्यांनी व्होल्टेज चढताच सप्लाय तोडणारा स्टॅबिलायझर लावावा. आणि दुरुस्ती कुणीही करो, काय बदललं ते तारखेसकट कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवायला सांगा. ज्याने काम सचोटीने केलंय, तो हे लिहायला का-कू करणार नाही.