सासूबाईंची सेवा आणि तुमची झोप

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. रात्री चार-पाचदा उठतात. माझी झोप गेली, पाठही धरली. मदतीला बाई ठेवली तर नातेवाईक नावं ठेवतील. काय करू? – एक वाचक, होसकोटे

उत्तर : नावं ठेवणाऱ्यांना एक रात्र मुक्कामाला बोलवा! अमेरिकेत शुल्झ आणि बीच यांनी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्यांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. ताण न जाणवणाऱ्यांत तशी ठळक वाढ नव्हती. तुमचं वय कमी असेल, तरी रोख स्पष्ट आहे : सेवा चालू ठेवायची, ताण वाटून घ्यायचा. आठवड्यातल्या काही रात्री यजमानांनी किंवा पगारी मदतनिसाने सांभाळाव्यात. परक्या हाताला सासूबाई बुजतील, ही शंका रास्त आहे. म्हणून मदतनीस आधी दिवसा, तुमच्यादेखत येऊ द्या. रात्री उठण्यामागे लघवीचा संसर्ग, दुखणं किंवा औषधाची वेळही असू शकते. तुमच्या डॉक्टरांना किंवा बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकार संस्थेत विचारा. पाठीचं म्हणाल तर सासूबाईंना उठवताना कमरेत वाकू नका, गुडघे वाकवा. तुमचंच मन खचत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.