उष्ण हवेने भात वाळविणे : भट्टीच्या कारागिरासाठी एक पाठ

कोकणात हळवे भात कापणीस येते तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. दुपारी आकाश निरभ्र असते, संध्याकाळी ढग दाटतात, आणि शेतात पसरलेले भारे रात्रीतून भिजतात. असे भारे दोन-तीन दिवस ओले राहिले की लोंबीतच दाण्यास कोंब फुटू लागतात. वर्षभराचे श्रम करून पिकविलेले धान्य शेवटच्या आठवड्यात हातचे जाते, व पुढील वर्षाचे बियाणेही त्याबरोबरच जाते. अशा वेळी ओले भात झोडून लगेच उष्ण हवेने वाळविण्याची सोय गावात, भातगिरणीवर किंवा सहकारी संस्थेच्या गोदामाशी असणे फार उपयोगाचे ठरते. ज्या वाळवणयंत्रात भाताचा थर सपाट जाळीवर पसरून खालून उष्ण हवा सोडली जाते, ते घडणीस सोपे असून आशियातील भातउत्पादक देशांत १९७० नंतर त्याचा बराच प्रसार झाला.

यंत्र सोपे असले तरी ते चालविणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कामातून आलेला असतो. कोणी गुऱ्हाळाच्या चुलाणावर जाळ घातलेला असतो, कोणी उकड्या तांदळाच्या गिरणीत बाष्पकावर काम केलेले असते, तर कोणी गरम पाण्याच्या नळांची जोडणी शिकलेला असतो. हे सर्व उष्णतेचे जाणकार कारागीर होत. परंतु हवेशी त्यांची गाठ पडलेली नसते. पाण्याच्या अनुभवावरून हवेविषयी जे आडाखे बांधले जातात, त्यांतील पुष्कळसे चुकतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा कारागिरास प्रथम कोणत्या गोष्टी समजावून द्याव्या, याचा विचार या पाठात केला आहे.

हवा उष्णता किती वाहते?

एक घनमीटर पाणी एक अंशाने तापविण्यास १००० किलोकॅलरी उष्णता लागते. एक घनमीटर हवेस तेवढ्याच कामासाठी सुमारे ०.२८ किलोकॅलरी पुरते. म्हणजे त्याच आकारमानात पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणूनच मनगटाएवढ्या नळातून गरम पाणी नेऊन मोठे काम करता येते. हवेला मात्र माणूस वाकून आत शिरू शकेल एवढा रुंद मार्ग लागतो. पाण्याच्या कामातून आलेला कारागीर हवेचा मार्ग हटकून अरुंद बांधतो, त्यास काटकोनी वळणे देतो, आणि पंखा लहान पडला अशी तक्रार करतो. मार्ग रुंद, आखूड व शक्य तितका सरळ ठेवावा. वळण अटळ असेल तेथे ते गोलाकार असावे.

दुसरी गोष्ट गळतीची. नळातून पाणी गळाले तर जमीन ओली होते व दोष चटकन दिसतो. हवेची गळती दिसत नाही. पत्र्याच्या सांध्यातून, जाळीच्या कडेने, दाराच्या फटीतून हवा निघून जाते, आणि भट्टी दिवसभर धडधडूनही भात ओलेच राहते. पंखा चालू असता सांध्यांजवळून उदबत्ती फिरवावी. जेथे धुराची रेघ मोडेल तेथे माती व शेणाचा लेप अथवा पट्टी लावावी. हे काम हंगामापूर्वी एकदा व हंगामात मधूनमधून करावयाचे असते.

वाळविते कोण, उष्णता की हवा?

भट्टीच्या माणसाचा सर्वांत पक्का ग्रह असा की जाळ वाढविला म्हणजे काम लवकर होते. गुळाच्या काहिलीबाबत ते खरे आहे. भाताबाबत नाही. दाण्यातील ओल बाहेर काढून नेणारी वाहक हवा आहे. उष्णता त्या हवेची तहान वाढविते, इतकेच.

एक उदाहरण घ्यावे. ऑक्टोबरातील एका दमट संध्याकाळी हवेचे तापमान २७ अंश व आर्द्रता ८५ टक्के आहे. अशा हवेच्या एका घनमीटरात सुमारे २२ ग्रॅम पाणी अगोदरच भरलेले असते, आणि तिला आणखी फार थोडे पाणी घेता येते. ही हवा भातातून कितीही वेळ सोडली तरी भात साठवणीयोग्य होणार नाही. कारण भातातील ओल १४ टक्क्यांवर यावयाची तर भोवतालच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी लागते. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापविली असता तिच्यातील पाणी तेवढेच राहते, पण आर्द्रता ४१ टक्क्यांच्या जवळपास उतरते. केवळ १३ अंशांच्या वाढीने निकामी हवा कामाची होते. १३ अंश म्हणजे काही मोठा जाळ नव्हे, हे कारागिराने ध्यानात घ्यावे.

उलटपक्षी, पाऊस उघडून स्वच्छ ऊन पडलेल्या दुपारी बाहेरची हवाच ३३ अंश व निम्म्या आर्द्रतेची असेल, तर जाळ घालण्याचे कारण नाही. नुसता पंखा चालवावा. जळण वाचते, आणि दाण्यासही ते मानवते.

आता हिशेब पाहू. एक हजार किलो भातात २० टक्के ओल असेल, तर कोरडा भाग ८०० किलो झाला. १४ टक्के ओल ठेवावयाची म्हणजे ८०० ला ०.८६ ने भागावे. उत्तर ९३० किलो येते. म्हणजे ७० किलो पाणी काढावयाचे आहे. वरील ४० अंशांची हवा भाताच्या थरातून वर येईपर्यंत ३१ अंशांच्या आसपास निवते व प्रत्येक घनमीटरामागे सुमारे ४ ग्रॅम पाणी घेऊन जाते. ७० किलो पाण्यास सुमारे १७,००० घनमीटर हवा लागली. आठ तासांत काम उरकावयाचे तर पंख्याने ताशी २१०० घनमीटरांहून कमी हवा देऊन चालणार नाही. प्रत्यक्षात अधिकच लागेल, कारण भात वाळत आले की ओल दाण्याच्या आतून सावकाश बाहेर पडते व शेवटच्या तासांत हवा पुरेशी भरून येत नाही.

एवढी हवा १३ अंशांनी तापविण्यास सुमारे ६२,००० किलोकॅलरी उष्णता लागेल. एक किलो कोरड्या तुसापासून सुमारे ३००० किलोकॅलरी मिळतात. भट्टीतील व धुराड्यातील नुकसान जमेस धरून निम्मी उष्णता हवेस पोहोचली असे मानले, तर ४० किलोंच्या आसपास तूस खर्ची पडेल. एक हजार किलो भात भरडले असता दोनशे किलोंच्या आसपास तूस निघते. गिरणीशेजारी वाळवणयंत्र असल्यास जळण विकत आणण्याची गरज का पडत नाही, हे या हिशेबावरून दिसून येईल.

पंख्याची कप्पी

हवा कमी पडू लागली की कप्पी बदलून पंख्याचा वेग वाढविण्याचा मोह होतो. येथे पुष्कळांचे विजेचे यंत्र जळते. वेग सव्वापट केला तर हवा साधारण सव्वापट मिळते, परंतु शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. कप्पीस हात लावण्यापूर्वी थराची जाडी पाहावी. भाताचा थर ३० सेंटिमीटरांच्या सुमारास ठेवावा आणि तो सर्वत्र सारखा असावा. एका कोपऱ्यात थर पातळ राहिला तर हवा तेथूनच पळून जाते व उरलेले भात उपाशी राहते. भातातील पेंढ्याचे तुकडे, पोचट व माती अगोदर पाखडून काढावी. कचऱ्याने हवेची वाट कोंडते.

जाळीखालच्या कोठीत हवेचा दाब किती आहे हे पाहण्यासाठी महागडे साधन नको. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकविलेली पारदर्शक नळी घेऊन तीत थोडे रंगीत पाणी भरावे, एक टोक कोठीच्या भोकात बसवावे व दुसरे मोकळे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक रोज वहीत लिहावा. फरक नेहमीपेक्षा वाढला तर थर जाड झाला आहे किंवा जाळी तुंबली आहे. फरक एकाएकी घटला तर कोठे तरी हवा फुटली आहे, किंवा पंख्याचा पट्टा घसरत आहे.

थर्मामीटर कोठे लावावा?

भट्टीच्या तोंडाशी लावलेला थर्मामीटर कारागिराचे समाधान करतो, भाताचे नाही. थर्मामीटर जाळीच्या लगत खाली, जेथे हवा प्रथम दाण्यास भिडते तेथे असावा. आणि कोठी लांब असल्यास एक भट्टीच्या बाजूस व एक दूरच्या टोकास असे दोन असावेत. बियाण्याचे भात असेल तर ही हवा ४३ अंशांच्या वर कधीही जाऊ देऊ नये. भात फार ओले असेल तर आणखी खाली राहावे, कारण ओल्या दाण्यातील अंकुर उष्णतेने लवकर मरतो. मेलेला दाणा दिसावयास जिवंत दाण्यासारखाच सोनेरी असतो. त्याचा उलगडा पुढील जूनमध्ये, रोपवाटिकेत रोप न उगवल्यावर होतो, आणि तोवर दुसरे बियाणे शोधण्यास वेळ उरलेला नसतो.

भरडण्याच्या भातास थोडी अधिक उष्णता सोसते, पण तेथेही घाई नडते. दाण्याचा बाहेरचा भाग झटकन वाळून आकसतो, आतला ओला राहतो, आणि तांदळास आत तडे जातात. गिरणीत अशा भाताची कणी होते. ताशी एक टक्क्याच्या सुमारास ओल उतरावी, त्याहून फार वेगाने नाही. शक्य असल्यास मध्यंतरी जाळ काढून भात काही तास विसावू द्यावे, म्हणजे आतील ओल बाहेरच्या भागात येते व नंतरचे काम हलके होते. सपाट थरात खालचे भात आधी वाळते व वरचे मागे राहते, म्हणून दर दोन-अडीच तासांनी फावड्याने ते खालीवर करावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि रात्री तर ते टाळलेच जाते. तरीही टाळू नये.

धूर, ठिणगी व वीज

धूर सरळ भातात सोडणारी भट्टी स्वस्त पडते, पण तांदळास वास लागतो व तुसाच्या ठिणग्या उडून आग लागण्याची भीती असते. म्हणून जाळाचा धूर लोखंडी नळांतून धुराड्यात जावा व स्वच्छ हवा त्या नळांच्या बाहेरून वाहत तापावी, अशी रचना बरी. या रचनेत पंखा कोठे बसवावा यास महत्त्व आहे. पंखा तापलेल्या नळांच्या पुढे, म्हणजे भाताच्या बाजूस बसविला तर तो नळांभोवतालची हवा ओढतो, आणि नळास चीर पडल्यास धूरही ओढून भातात पाठवितो. पंखा नळांच्या मागे बसवून हवा त्यांवर ढकलली, तर चिरेतून स्वच्छ हवाच धुराच्या बाजूस जाते. अर्धवट जळणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. बंद खोलीत रात्री यंत्राजवळ झोपणाऱ्या माणसाचा त्याने प्राण जाऊ शकतो. भट्टीच्या खोलीस समोरासमोर झरोके ठेवावेत व तेथे कोणासही झोपू देऊ नये.

सुरू करताना आधी पंखा, मग जाळ. थांबविताना आधी जाळ काढावा आणि भट्टी निवेपर्यंत पंखा चालू ठेवावा. मध्येच वीज गेली तर नळांत कोंडलेली उष्णता नळ जाळते, व भाताचा खालचा थर करपतो. अशा वेळी भट्टीचे दार उघडून निखारे ओढून काढावेत आणि हवामार्गाची बाहेर उघडणारी झडप मोकळी करावी. ही झडप कोठे आहे हे अंधारातही हातास कळले पाहिजे. वीज आल्यावर जाळ घालण्याची घाई न करता प्रथम नुसता पंखा चालवावा. ओल्या भाताचा ढीग निपचित पडून राहिला की आतून तापतो व तांदूळ पिवळा पडतो.

पुरेसे वाळले हे कसे ओळखावे?

दाताखाली दाणा फोडून पाहण्याची जुनी रीत अनुभवी माणसाच्या हाती बरीच खरी ठरते. नवशिक्याने तिच्यावर विसंबू नये. ओल मोजण्याचे यंत्र गिरणीत असेल तर उत्तमच. नसल्यास वजनाचा मार्ग आहे. वाळविण्यापूर्वी त्याच भातातील ५ किलो नमुना जाळीदार पिशवीत भरून थराच्या मध्यभागी पुरून ठेवावा. सुरुवातीची ओल २० टक्के असेल, तर पिशवी ४ किलो ६५० ग्रॅमवर आली की भात १४ टक्क्यांवर आले. सुरुवातीची ओल २४ टक्के असल्यास ४ किलो ४२० ग्रॅमपर्यंत थांबावे लागेल. भात खालीवर करताना पिशवी काढून तोलावी व पुन्हा पुरावी.

मिठाचीही एक सोपी कसोटी आहे. स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून कोरडे केलेले बारीक मीठ थोडे व त्यावर भात असे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरून बूच लावावे, काही मिनिटे हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेस चिकटून राहिले तर ओल अजून १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळे सुटले तर भात साठवणीच्या जवळ आले.

बियाण्याचे भात १३ टक्क्यांपर्यंत उतरवावे. साठविण्यापूर्वी त्यातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळावेत, सावलीत ठेवावेत आणि गोणपाट सुकू देऊ नये. दोन आठवड्यांच्या आत उगवणारे दाणे उगवतात. ताज्या हळव्या भातात काही जाती लगेच उगवत नाहीत, म्हणून पहिल्या वेळी संख्या कमी भरली तर महिन्या-दीड महिन्याने तीच कसोटी पुन्हा घ्यावी. भाताच्या प्रमाणित बियाण्यास किमान ८० टक्के उगवण लागते. दुसऱ्या वेळीही शंभरात ८० दाणे उगवले नाहीत, तर ते भात गिरणीत धाडावे व बियाण्याची सोय पेरणीपूर्वीच दुसरीकडून करावी. त्या दिवशी कोठीत किती तापमान होते ते वहीत पाहून शंभर दाण्यांच्या संख्येशेजारी लिहून ठेवावे.